पांदणीवरचा काटा

हंगामाच्या रविवारी देवळात
तुरीची पायली घेऊन उभी होते मी, रांगेत चौथी.
माझ्यापुढे शलमोनची बायको, तिच्या हातात कोंबडी,
पाय बांधलेली, तरी सगळ्यांकडे टकामका बघणारी.
त्यापुढे दोन पोरं. एकाकडे भोपळा,
दुसऱ्याच्या गालावर त्या भोपळ्यावरून झालेला ओरखडा.

पाळकबाई वाचत होत्या :
वेदीपाशी आल्यावर एखाद्याला आठवलं,
की कुणाचं मन आपल्यामुळे दुखलंय,
तर त्यानं काय करायचं.
तीस वर्षं ऐकतेय. लोकांना सांगतेयही.
खालच्या पुऱ्यातल्या दोघी जावांना
एका ताटात भाकर मोडायला मीच लावली.
कोंडबा अन् त्याचा लेक बोलायला लागले
ते माझ्या ओट्यावर.
लोक म्हणतात, सुवार्ताबाईच्या जिभेवर साखर.

आणि मला आठवला काटा.

बाभळीचा.
ज्येष्ठात मीच तोडलेला, ओढत नेलेला,
पांदणीच्या तोंडाशी आडवा टाकलेला.
श्रावण गावंड्याची बंडी
माझ्या धुऱ्यावरून दोन हात आत जायची, एवढंच.
दोन हात.
मी तलाठ्याला बोलावलं, टेप धरला,
काटा टाकताना मनात म्हटलं, हे न्यायाचं आहे.
न्यायाचं होतंही.
त्यानं यंदाचा अख्खा कापूस
नाल्याकाठच्या वाटेनं डोक्यावर वाहिला.
त्याची बायको गाठोडं टेकवायला
माझ्याच निंबाखाली थांबायची
आणि मी दिसले की उचलायची.

रांग सरकली. तिसरी झाले. दुसरी.
कोंबडी फडफडली.
मी पायली खांबाजवळ ठेवली
आणि चपला शोधायला लागले.
कुणीतरी विचारलं, 'बरं वाटत नाही का, बाई?'
पेटीचा एक सूर अडकलेला,
तो फाटकापर्यंत माझ्यामागे आला.

वाळला की काटा हलका होतो,
पण सोडत नाही.
रविवारचं पांढरं लुगडं तीन ठिकाणी फाटलं.
श्रावण पऱ्हाटीतला शेवटचा वेचा करत होता.
उभा राहिला. आला नाही.
मला वाटलं होतं येईल, म्हणेल, राहू द्या.
त्याचं वाक्य मी तयार करून ठेवलं होतं,
त्यावर माझं उत्तरही.
त्यानं विडी शिलगावली.
संपवली.

शेवटची फांदी बुंध्यासकट. हलेना.
मला देणं जमतं, समजावणं जमतं.
मागणं कधी जमलं नाही.
'श्रावणभाऊ,' म्हटलं, 'एक हात लावता का?'

आला.
एका बाजूनं तो, एका बाजूनं मी.
फांदी बाजूला पडली तेव्हा म्हणाला,
'आठ महिने झाले, बाई.'
'हाव.'
'माह्या बायकोची मान गेली.'
'हाव.'
मी पुढचं बोलायला तोंड उघडलं
तोवर तो वळला होता.
त्याच्या पाठीला म्हटलं, चुकलं माझं.
ऐकलं असेल. वारा त्याच्याच बाजूला होता.

दुपारी देवळात कुणी नव्हतं.
पायली तिथंच.
शलमोनच्या बायकोची कोंबडी पाय सोडवून
तुरीवर मनसोक्त बसली होती.
मी तिला हुसकलं नाही.
पोट भरू दिलं,
मग उरलेलं वेदीवर ठेवलं.
पाऊण पायली भरली असेल.

काल संध्याकाळी पांदणीतून बंडी गेली.
मी बाहेर आले नाही.
चाक दोन हात आत आलं असणार,
आवाजावरून कळतं.
दिव्यापाशी बसून सुईनं
तळहातातले काटे काढत होते.
दोन निघाले.
एक अजून आत आहे.